एका ओढीत सुरू होणारा ट्रॅक्टर

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०
रोजनिशी पुन्हा सुरू. गेल्या वर्षीची ११ जानेवारीला थांबली, त्याला कारणं होती. या वेळी रोज लिहिणार. थोडक्यात आणि मुद्देसूद. बत्तीस वर्षं नकाशा विभागात आरेखक होतो, मुद्दा कसा मांडावा हे मला कुणी सांगायला नको.

मुद्दा एक. हिचा उजवा खांदा. परवा आमच्या रोपांच्या नर्सरीतल्या ओल्या पायरीवरून घसरली. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हात गळ्यातल्या पट्ट्यात, आणि झटका म्हणून द्यायचा नाही.

मुद्दा दोन. ट्रॅक्टर. बागकामाचा, बुटका, लाल, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. हिच्या वडिलांचा. त्याला किल्ली नाही, बॅटरी नाही. इंजिनच्या तोंडावर एक पुली आहे. तिच्या खाचेत दोरीची गाठ अडकवायची, तीन वेढे घालायचे आणि सगळं अंग घालून ओढायचं. दोरी सुटून हातात येते, इंजिन सुरू. ही वयाच्या बाराव्या वर्षापासून ओढते आहे.

मुद्दा तीन. ट्रेमध्ये कुंपणाची तीन हजार रोपं तयार आहेत. २४ तारखेपर्यंत जमिनीत गेली नाहीत तर मुळं ट्रेमध्येच गुंडाळतात आणि वर्षातली एकमेव मोठी ऑर्डर जाते. त्यासाठी नऊ वाफे नांगरून हवेत.

मुद्दा चार. मग दोरी कोण ओढणार? अर्थात मी. हिला तसं सांगितलं. हिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. भारावली असावी.

दुपारी १२.३०
ओढली. सुरू झाला नाही. दोरी नको इतकी गुळगुळीत आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार
सव्वीस वेळा. सत्ताविसाव्या वेळी दोरी सुटून कानावर बसली. कान लाल. ही खिडकीतून म्हणाली, अहो, हाताने नाही, कमरेतून ओढा. कमरेतून ओढली. आता कंबर.

५ फेब्रुवारी, गुरुवार. पहाटे ५
झोप नाही. अंथरुणात उलटसुलट होऊन शेवटी उठलो. अंगणात अकरा फेऱ्या मारल्या. निवृत्तीनंतर माणूस शांत होतो असं ज्याने सांगितलं तो कधी निवृत्त झाला नसावा.

सकाळी ९
मेहुण्याचा फोन. हिचा धाकटा भाऊ. याच्याकडे टेम्पो आहे आणि प्रत्येक गोष्टीवर मत आहे. म्हणाला, ताई, जुन्या यंत्रांचा एक शौकीन माणूस आहे, तो ट्रॅक्टर दिवाणखान्यात ठेवायला घेईल, आणि त्या बदल्यात बटणावर चालणारं नवीन नांगरणी यंत्र मिळेल. हिने खिडकीतून ट्रॅक्टरकडे पाहिलं. मग म्हणाली, रविवारी बावीस तारखेला ये. तोवर सुरू झाला तर ठीक, नाहीतर घेऊन जा.

फोन ठेवल्यावर ही मागे गेली आणि डाव्या हाताने ट्रॅक्टरचं बॉनेट पुसत बसली. ते स्वच्छच होतं. मला बघवेना. मी तिथल्या तिथे शब्द दिला की तुझ्या वडिलांचा ट्रॅक्टर या घरातून जाणार नाही. शब्द दिल्यावर एकदम हुरूप आला.

सकाळी ११
उपाय सापडला! रिकॉइल स्टार्टर. गवत कापायच्या मशीनला असतो तो. मूठ ओढायची, इंजिन सुरू, मूठ सोडायची, दोरी आपोआप आत. आत एक गुंडाळलेली स्प्रिंग असते, बस. गाठी नाहीत, वेढे नाहीत, कान नाही. जुन्या इंजिनला हा बसवला की मीच काय, ही सुद्धा डाव्या हाताने सुरू करेल. साठ वर्षांत कुणाला सुचलं नाही याचं नवल वाटतं.

संकल्प: १५ तारखेपर्यंत काम पूर्ण. उरलेला आठवडा राखीव.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
सगळ्यात आधी दिशा. इंजिन कोणत्या बाजूला फिरतं यावर रिकॉइलची दिशा ठरते, इथे चूक करून चालत नाही. म्हणून थेट जाणकाराला विचारलं. ही जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर बसली होती. म्हटलं, पुली कशी फिरते ते दाखव. हिने डाव्या हातातल्या चमच्याने हवेत वर्तुळ काढलं. मी समोरून पाहिलं, लगेच कागदावर बाण काढला, तारीख घातली, सही केली. ही म्हणाली, एकदा मागे जाऊन पुली हाताने फिरवून बघा. म्हटलं, बत्तीस वर्षांत मी काढलेला एकही बाण चुकलेला नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
जुन्या पार्टच्या दुकानातून रिकॉइल आणला. पाण्याच्या पंपाचा आहे, पण धडधाकट. घरी आणून पाहतो तर माझ्या बाणाच्या बरोबर उलटा फिरतो. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, साहेब, असली सगळी इंजिनं याच बाजूला फिरतात, आहे तसा बसवा. त्याची कीव आली. लोक मोजमाप न करता धंदा करतात.

हरकत नाही. उघडायचा, स्प्रिंग पालथी घालायची, दोरी उलटी गुंडाळायची. अर्ध्या तासाचं काम.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०
उघडतो आहे.

सकाळी १०.०४
स्प्रिंग बाहेर आली. बाहेर आली म्हणजे चार मीटर पोलादी पट्टी एका क्षणात स्वयंपाकघरभर झाली. एक टोक फ्रिजवर, एक वॉशिंग मशीनच्या मागे. उजव्या हाताची दोन बोटं आणि एक कप. कप आधीच चिरलेला होता.

संध्याकाळी ७
आता आम्ही दोघं पट्टीवाले. ही डाव्या हाताने माझ्या बोटांना पट्टी बांधताना हसली. पडल्यापासून पहिल्यांदाच. त्या दृष्टीने दिवस वाया गेला असं म्हणता येत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार
काल दिवसभर स्प्रिंग गुंडाळली. चौदा वेळा सुटली. मुलीचा फोन आला. ही तिच्याशी हळू आवाजात बोलत होती, मला फक्त एवढंच ऐकू आलं की नाही गं, गप्प बसवतच नाही त्यांना. मुलीने मला डोळ्यांना चष्मा लावायला सांगितलं. चष्मा मी लावतोच. ती म्हणाली, तो नव्हे बाबा, कारखान्यात लावतात तो.

आज संध्याकाळी ५.२० ला स्प्रिंग बसली. माझ्या बाणानुसार. ओढली, सोडली, आत गेली. पुन्हा ओढली, पुन्हा आत. जेवायला हाक मारेपर्यंत हेच करत होतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
रिकॉइलची भोकं आणि इंजिनची भोकं जुळत नाहीत. मधे एक लोखंडी प्लेट लागेल. काल रात्री जागून तिचं ड्रॉइंग केलं. तीन बाजूंनी दृश्य, छेद, खाली चौकट, चौकटीत माझं नाव. इतकं सुंदर ड्रॉइंग नोकरीत कधी झालं नव्हतं, तिथे वेळ कुठे असायचा.

लेथवाल्याकडे नेलं. हा चौकातल्या वर्कशॉपमध्ये एकटाच असतो, पन्नाशीचा, कमी बोलतो. त्याने ड्रॉइंग दोन्ही हातांनी धरलं, लांबून पाहिलं, फार छान म्हणाला आणि भिंतीवर चिकटवलं. मग टेप घेऊन माझ्याबरोबर घरी आला आणि इंजिन स्वतः मोजलं. मला हे लागलं. पण कारागिराचा अभिमान असतो, तो जपावा.

जाताना म्हणाला, पुली तेवढी सांभाळून काढा साहेब, असली आता मिळत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३
प्लेट आली. पण पुली जागेवर असताना बसत नाही. पुलीचा मधला बोल्ट गंजून एकजीव झालाय. पाना लावला, पान्यावर पाइप लावला, पाइपवर मी. बोल्ट हलला नाही, ट्रॅक्टर हलला.

लेथवाल्याला फोन केला. म्हणाला, तेल सोडा आणि दोन दिवस वाट बघा.

दुपारी ३.४०
तेल सोडलं. वाट बघतो आहे.

दुपारी ४.१५
वाट बघण्यात अर्थ नाही. शेजाऱ्याकडून ग्राइंडर आणला.

संध्याकाळी ५.३०
पुली निघाली. दोन भागांत. तशीही आता तिची गरज उरलेली नाही. जी गोष्ट इतिहासजमा होणार, ती एक असली काय आणि दोन असल्या काय. वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलाच्या खालच्या खणात ठेवली.

१५ फेब्रुवारी, रविवार
आजची मुदत होती. ती अंदाजे होती. राखीव आठवडा ठेवला तो याचसाठी.

हिने विचारलं, पुली कुठे आहे? म्हटलं, सुरक्षित. हे खरं आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६
बसला!!! चार बोल्ट, प्लेट, रिकॉइल. आतले खटके पकड घेतात, इंजिन फिरतं. समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, गच्चीवरून पाहिलं. फोटो काढून मुलीला पाठवला. तिने अंगठा पाठवला. मेहुण्यालाही पाठवला. त्याने विचारलं, सुरू झाला का भाऊजी? काही लोकांना प्रक्रिया कळतच नाही.

बॉनेट आता लागत नाही. बॉनेट ही शोभेची वस्तू आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
चाळीस वेळा ओढला. सुरू झाला नाही. पण प्रत्येक वेळी दोरी आत गेली. हिचे वडील असते तर थक्क झाले असते.

निरीक्षण: एअर फिल्टर पेट्रोलने ओला होतो. म्हणजे पेट्रोल भरपूर येतंय, मागे सुद्धा येतंय. इंजिन गरजेपेक्षा जास्त तयार आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार
साठ वेळा. उजवा हात वर जात नाही, दात डाव्या हाताने घासले.

निरीक्षण: सायलेन्सरच्या तोंडाजवळ फडकं धरलं तर ते आत ओढलं गेलं आणि चिकटून बसलं. वास्तविक तिथून हवा बाहेर यायला हवी. याचा अर्थ इंजिनमधली ओढ उत्तम आहे. हे हिला सांगितलं. ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, सायलेन्सर हवा ओढतोय? म्हटलं, जोरात. ही म्हणाली, लेथवाल्याला बोलवा. म्हटलं, बोलावणारच आहे, रविवारी, साक्षीदार म्हणून.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. पहाटे ४.४०
एका जागी बसवत नाही. प्लग साफ केला. पुन्हा साफ केला. रोपांना पाणी घातलं, ते काल हिने घातलेलं होतं. ट्रे उचलून पाहिले. एका ट्रेच्या भोकातून पांढरी मुळं बाहेर आली आहेत. वाईट वाटलं. त्या रोपांचा यात काही दोष नाही.

ठरवलं की आज हिला पुलीबद्दल सांगायचं. स्पष्टपणे, पुरुषासारखं.

रात्री ८
आज तिला बरं वाटत होतं, म्हणून सांगितलं नाही. उद्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार
आज तिला बरं वाटत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८
निर्णायक दिवस. इस्त्रीचा शर्ट.

सकाळी ९.३०
मेहुणा टेम्पोवर नवीन यंत्र ठेवूनच आला. आत्मविश्वास किती असावा माणसाला! लेथवालाही आला. मी दोन शब्द बोललो. जुनं आणि नवं यांचा मेळ, वगैरे. ही म्हणाली, ओढा आता.

सकाळी ९.५५
बावीस वेळा ओढला. सगळे बघत होते. मेहुणा घड्याळ बघत होता.

लेथवाला पुढे आला. इंजिनच्या कव्हरवर एका ठिकाणी नखाने खरवडू लागला. लाल रंगाचे दोन पापुद्रे निघाले. खाली लोखंडातच ओतलेला एक बाण होता. तो माझ्या बाणाच्या बरोबर उलटा. रंग मी गेल्या वर्षी दिला होता. दोन हात.

लेथवाला इतकंच म्हणाला की साहेब, सहा दिवस तुम्ही इंजिन उलटं फिरवताय.

मी म्हटलं, मला दिशा हिनेच दाखवली. हिने चमचा धरल्यासारखा हात केला आणि हवेत पुन्हा तसंच वर्तुळ काढलं. मग मला खांद्याला धरून आपल्या मागे, आपल्याच बाजूला उभं केलं आणि पुन्हा काढलं. मागून ते वेगळं दिसतं. दुकानातून आणला तेव्हा रिकॉइल बरोबर होता. तो मी दोन दिवस घालवून, दोन बोटं कापून घेऊन चुकीचा केला.

सकाळी १०.१०
ही म्हणाली, राहू दे ते. जुनी पुली लावा, मी याला दोरी शिकवते, म्हणजे भावाला.

तेव्हा सांगावंच लागलं. खणातून आणून वर्तमानपत्र उघडलं. लेथवाल्याने टोपी काढली. हिने दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन डाव्या हाताने एकमेकांना लावून पाहिले. म्हणाली, बाबा दर वर्षी हिला ग्रीस लावायचे. मग रडली. मी थोपटायला गेलो, तो नेमका दुखरा खांदा होता.

मेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं. हे अतिशयोक्त नाही, तेवढ्यापुरतं खरंच वाटलं.

सकाळी १०.४०
मेहुण्याने ट्रॅक्टर टेम्पोवर चढवायला पुढे दोर बांधला. ही डोळे पुसून उठली आणि म्हणाली, थांब. आधी रस्त्यावरून ओढ. गिअरमध्ये टाकून ओढला की चाकंच इंजिनाला फिरवतील, आणि चाकं उलटी फिरत नाहीत. हे शेवटचं माझ्याकडे बघून म्हणाली.

एका हाताने स्टिअरिंग धरून स्वतः चढली. मी विरोध केला, डॉक्टरांचं नाव घेतलं. मला फाटक धरून उभं राहायला सांगण्यात आलं. टेम्पो पुढे, ट्रॅक्टर मागे. वीस पावलं गेले असतील. हिने क्लचवरचा पाय सोडला. एक ठसका, धुराचा एक लोट, आणि सुरू! साठ वर्षांचं ते धूड असं धडधडलं की शेजारचे लोक बाहेर आले. ही हसत होती, रडत होती, काय करत होती कळत नव्हतं. मी फाटक धरून होतो. सोडायला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी १
ही नांगरते आहे. तीन वाफे झाले. झटका कुठे आहे, नुसतं बसून वळवायचं तर आहे, म्हणते. मेहुणा नवीन यंत्र परत करायला टेम्पो घेऊन गेला. लेथवाला तुकडे मापाला घेऊन गेला. ड्रॉइंग करून देऊ का विचारलं. नको म्हणाला.

हिने सगळ्यांना बजावलंय की नऊ वाफे होईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. बंद पडलं तर इथे भुसभुशीत मातीत टेम्पो येत नाही, पुन्हा ओढता येणार नाही.

दुपारी ४.०५
सात वाफे झाले. ही गोळी घ्यायला आणि चहा प्यायला आत गेली. इंजिन चालू आहे, आठव्या वाफ्याच्या मधोमध. त्याच्याजवळ बसायची जबाबदारी माझ्यावर. अखेर विश्वास परत येतोय. आवाज एकसारखा. तब्येत ठणठणीत.

दुपारी ४.२०
टाकीत पेट्रोल तळाला गेलं होतं. अशा वेळी घाबरून चालत नाही. डबा आणला, नरसाळं आणलं, फडकं आणलं. शेडमध्ये मी स्वतः रंगवलेली पाटी आहे, सुवाच्य अक्षरात: पेट्रोल भरताना इंजिन बंद ठेवावे. नियम हा नियम असतो.

बंद केलं. खुणेपर्यंत भरलं. एक थेंब सांडला नाही.

मग सगळीकडे फार शांत वाटलं. त्या शांततेत हिच्या चपलांचा आवाज आला.

संध्याकाळी ७
ही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. पाटी मी काढून आणून दाखवली. तिने वाचली. मग कुदळ आणि फावडं आणून माझ्यासमोर ठेवलं.

आठव्या वाफ्याचा उरलेला अर्धा झाला. हाताला चार फोड.

२३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६
कुदळ. कंबर आहे की नाही कळत नाही.

दुपारी २
नऊही वाफे झाले. शेवटचा दीड माझा. हिने मातीत हात घालून पाहिलं आणि म्हणाली, खोली चांगली घेतलीत. उद्या सकाळी रोपं जमिनीत जातील. मी फावड्यावर रेलून उभा होतो, म्हणून पडलो नाही.

संध्याकाळी ५.३०
मेहुणा आला. शौकीन माणूस अजून तयार आहे म्हणाला. ही म्हणाली, ट्रॅक्टर कुठेही जाणार नाही. त्याच्यात काही बिघाड नाही. बिघाड कुठे आहे ते आता कळलंय.

लेथवाल्याने नवीन पुली आणून लावली. जुन्यासारखीच, खाच सुद्धा तशीच. हिने त्याला दोरीचे वेढे कसे घालायचे ते सांगितलं. तिसऱ्या ओढीला सुरू झाला. हिचा खांदा बरा होईपर्यंत तो रोज सकाळी येऊन सुरू करून देणार. रिकॉइल स्टार्टर मला स्मृतिचिन्ह म्हणून परत मिळाला.

महत्त्वाचं हे की मी शब्द पाळला. हिच्या वडिलांचा ट्रॅक्टर घरातून गेला नाही. माझ्यामुळे राहिला असं म्हणता येणार नाही. मी असूनही राहिला. तरी ही बॉनेटवर हात ठेवून उभी होती तेव्हा तिचा चेहरा बघितला आणि मला फार बरं वाटलं, ते का, याच्या खोलात जात नाही.

संध्याकाळी ६.१५
मेहुणा रिकामा गेला नाही. माझी हत्यारांची पेटी त्याच्या टेम्पोतून गेली. पाने, हातोडे, करवत, सगळं. हिचा निर्णय. माझ्या मते तात्पुरता. शेजाऱ्यांनाही ग्राइंडर न देण्याबद्दल सांगून झालंय.

रात्री ८.३०
एक स्क्रू-ड्रायव्हर मात्र वाचला आहे. अंगात जो शर्ट आहे त्याच्या खिशात. रिकॉइल अजून एकदाच उघडून दिशा सरळ करता आली तर पाण्याच्या पंपाला तरी...

रात्री ८.४०
ही दारात आली. डावा हात पुढे केला.

दिला.